पहिल्या रविवारची भाकरी

रविवार, ११ जानेवारी. सकाळच्या उपासनेनंतर चर्चच्या पंचमंडळाची (कारभार पाहणाऱ्या निवडलेल्या सभासदांची) बैठक झाली. पाळकसाहेब, चिटणीस, खजिनदार आणि माझ्यासह सहा सभासद, असे नऊ जण हजर होतो. वेदीमागच्या भिंतीवर लावायच्या एलईडी पडद्यासाठी चार लाख पंच्याऐंशी हजार रुपये एकमताने मंजूर झाले. मग मी माझा विषय मांडला. परभणी जिल्ह्यात वालूरच्या पुढे एका लहान गावात आमच्याच मंडळीची पाच घरे आहेत. पाळकांनी तिथे तीन महिन्यांतून एकदा जाऊन यावे आणि त्यासाठी वर्षाला सहा हजार रुपये ठेवावेत, एवढाच विषय होता. तो पुढच्या बैठकीपर्यंत स्थगित झाला.

पडद्याला माझा विरोध नव्हता. मी हात वर केला होता. गीताची अक्षरे मोठी दिसली तर माझ्यासारख्या चष्मेवाल्याला बरेच. पण छत्रपती संभाजीनगरहून त्या गावाला जायला अर्धा दिवस पुरतो, आणि तिथे आमचा पाळक गेल्याला दोन वर्षे उलटून गेली होती. बैठकीहून घरी येताना मला ही गोष्ट पडद्यापेक्षा मोठी वाटत राहिली.

त्या गावात माझी मावशी राहते. नाव रूथ, वय चौऱ्याऐंशी. तिच्या पायांना सूज येते आणि हृदय थकले आहे, म्हणून डॉक्टरांनी तिचा प्रवास बंद केला आहे. नाताळात तिने फोन केला होता. एरवी ती तब्येत, पाऊस, तुरीचा भाव असे सगळे सांगून मग मुद्द्यावर येते. त्या दिवशी पहिल्याच वाक्याला म्हणाली, "सामू, मला प्रभूच्या टेबलावर बसायचंय रे. औंदाच. पुढचं कोणी बघितलंय?"

ज्यांना आमची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रभू येशूने शिष्यांबरोबर जे शेवटचे जेवण घेतले, त्याच्या आठवणीत आम्ही भाकर मोडून वाटून खातो आणि द्राक्षरस पितो. यालाच प्रभुभोजन म्हणतात. आमच्या मंडळीत ते फक्त दीक्षा मिळालेल्या पाळकाच्या हातून घेतात. मी पन्नाशी ओलांडलेला, एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये हिशेब ठेवणारा माणूस आहे. मी मावशीला औषधे देऊ शकतो, प्रार्थनाही करू शकतो. प्रभुभोजन देऊ शकत नाही.

मी पाळकसाहेबांना भेटलो. ते छत्तिशीचे आहेत, कष्टाळू आहेत. रविवारी दोन उपासना, त्यातली एक इंटरनेटवरून थेट, शिवाय तरुणांची सभा. त्यांनी मनापासून तोड काढली.

"तुम्ही जाताच आहात तर व्हिडिओ कॉल लावा. लॉकडाऊनमध्ये आपण असंच केलं होतं. मी इथून प्रार्थना करीन, मावशी तिथं घेतील." त्यांनी मला एक खोका दिला. आत बारा पाकीटबंद प्याले होते. बोटाएवढा प्लास्टिकचा प्याला, त्यात द्राक्षरस, वरच्या पारदर्शक पापुद्र्याखाली भाकरीऐवजी नाण्याएवढी चकती. आमच्या चर्चमध्ये आता हेच वापरतात. वाटायला सोपे, सांडत नाही, भांडी धुवायला नकोत.

शनिवारी, ३१ जानेवारीला, मी सकाळच्या गाडीने निघालो. पिशवीत खोका, मावशीसाठी पाव किलो खारीक आणि बायकोने दिलेला डबा.

जालन्याला एक जोडपे चढले. म्हातारेबुवांच्या हातात नारळ, बाईंच्या मांडीवर पेरूंची पिशवी. दोघे परभणीला उतरून पोखर्णीच्या नृसिंहाला जाणार होते. बाईंनी पेरू कापून मला फोड दिली.

"तुमी कुठं?"

"सेलूला. पुढं वालूरकडं. मावशीकडं."

"देवधर्माचं काही?"

"तसंच समजा. आम्ही ख्रिस्ती. तिला प्रभुभोजन घ्यायचंय, पण पाळक येत नाहीत."

म्हातारेबुवा हसले. "अहो, देव कुठं येतो आपल्याकडं! आपणच जावं. आमी शनिवार चुकवत न्हाई."

"ह्यांचे गुडघे चुकवतेत, मग मी एकली जाते," बाई म्हणाल्या.

मी हसलो, पेरू खाल्ला. पण परतूर मागे पडेपर्यंत ते वाक्य डोक्यात राहिले. आमच्याकडे शिकवण उलटी आहे. मेंढराने मेंढपाळ शोधत जायचे नसते. मेंढपाळाने मेंढराकडे जायचे असते. लहानपणी रविवारची शाळा चर्चमध्येच भरायची, तेव्हा वेदीमागच्या भिंतीवर हे चित्र होते, काट्यांत अडकलेले कोकरू आणि त्याच्यावर वाकलेला हात. त्या भिंतीवर आता पडदा बसणार होता.

सेलूला उतरून एसटीने वालूर गाठले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना करडई फुलली होती. पिवळी, कडेने नारिंगी होत जाणारी फुले, आणि मधून ज्वारीची उभी ताटे. वालूरला पुढची सोय होईपर्यंत वेळ होता म्हणून गावातली जुनी बारव पाहून आलो. तिच्या पायऱ्या गोल फिरत खाली उतरतात. कडेला बसलेल्या एका गृहस्थांनी अभिमानाने सांगितले, "गाळानं भरली व्हती. गावानं उपसली. आता बगा, तळ दिसायलाय." ज्याने बांधली त्याचे नाव त्यांना सांगता आले नाही. पाणी मात्र होते.

वालूरहून गावापर्यंत टमटम (माणसे भरून चालणारी तीनचाकी) मिळाली. ती चालवणारा राहुल मावशीच्या शेजारणीचा, कमलबाईंचा मुलगा निघाला. कमलबाईंचे घर बौद्ध. आमचे आणि त्यांचे पूर्वज सख्खे भाऊ. आमच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या घराने छप्पन साली धम्म स्वीकारला. भिंत अजून एकच आहे.

मावशी ओट्यावर बसली होती. पाय पाटावर ठेवलेले, सुजलेले. मला पाहताच तिची नजर माझ्या मागे गेली, टमटमकडे. मागून कोणी उतरले नाही.

"एकलाच आलास का?"

"एकटाच."

"बरं," ती म्हणाली. "हातपाय धू. सुमन, भाकर टाक."

सुमन म्हणजे तिची सून. जेवायला ज्वारीची भाकरी, तुरीची आमटी आणि घोळाणा (हरभऱ्याचा कोवळा पाला, कांदा आणि दाण्याचा कूट यांची कच्ची भाजी) होता. वरून करडईचे तेल. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. जेवताना मावशी सुमनला म्हणाली, "मनुके भिजू घातले का? उद्या पहिला रविवार हाय."

मला कळेना. सुमनने खुलासा केला. महिन्याचा पहिला रविवार पूर्वीपासून प्रभुभोजनाचा. पाळक येत होते तेव्हा मावशी भाकरी करायची आणि मनुके उकळून त्यांचा रस गाळायची. या भागात द्राक्षरस म्हणून तोच चालतो. पाळक यायचे थांबले. मावशीचे टेबल मांडणे थांबले नाही. दर पहिल्या रविवारी पांढरी चादर, त्यावर भाकरी, तांब्यात मनुक्यांचा रस. वचन वाचायचे, गीत गायचे, प्रार्थना करायची, आणि टेबलाला हात न लावता वाट पाहायची. कोणी आले नाही की चादरीची घडी करायची. मग भाकरी नेहमीच्या जेवणात.

"कोणी कळवलंय का येतो म्हणून?" मी विचारले.

"कळवून येणाऱ्याची तयारी कोणी बी करतं," मावशी म्हणाली.

मी व्हिडिओ कॉलचे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि सुमनला ताटे उचलायला सांगितले.

रविवारी प्रार्थनाघरात अकरा माणसे जमली. प्रार्थनाघर म्हणजे पत्र्याची एक खोली, भिंतीवर चुन्याने काढलेला क्रूस. कमलबाई दाराशी बसल्या. त्या दर वेळी बसतात, गीतांसाठी. पेटी नाही, ढोलकी नाही. मावशीने सूर लावला आणि बाकीच्यांनी उचलला. जुनी चाल होती, माझ्या आईच्या तोंडी असायची. आमच्या चर्चमध्ये ती आता कोणी गात नाही. मला गाता येईना. दुसरे कडवे आठवेना, आणि त्याचे वाईट वाटले.

मग मी खोका उघडला आणि एक प्याला मावशीच्या हातात दिला. तिने तो डोळ्यांजवळ नेला.

कमलबाई दारातून म्हणाल्या, "खोकल्याचं औषध हाय का ते?"

"प्रभुभोजन हाय म्हणं," मावशी म्हणाली. पापुद्रा नखाने निघेना. "ह्यात प्रभूला कोंडून ठिवलंय व्हय रे?"

मी फोन लावला आणि तांब्याला टेकवून ठेवला. गावात रेंज येते-जाते, पण त्या दिवशी आली. पाळकसाहेब दिसले, गळ्याशी माइक, मागे उभे-आडवे लोखंडी पाइप. पडद्याचा सांगाडा उभा राहिला होता.

"सलाम मावशी!"

"सलाम पाळकसाहेब. जेवलाव का?"

"नाही अजून. एक उपासना झाली, दुसरी आहे."

"सकाळपासनं उपाशी?"

"चहा घेतला." ते हसले. "मावशी, मी आता प्रार्थना करतो. मग तुम्ही सगळे तो प्याला उघडून घ्या."

मावशीने प्याला चादरीवर ठेवला. "आन् भाकर कोण मोडणार?"

"त्यातच चकती आहे ना. मोडायची गरज नाही."

"तुमी काय खाणार तिकडं?"

पाळकसाहेबांनी हात वर करून दाखवला. "माझ्याकडेही असाच प्याला आहे."

"म्हंजे तुमी तुमचं पुडकं खाणार, आमी आमचं." तिच्या आवाजात राग नव्हता. "लेकरा, हे टेबल हाय. एका भाकरीतलं तुमाला, त्याच भाकरीतलं मला. तुमी या. घाई न्हाई. मी भाकर झाकून ठिवते."

तेवढ्यात त्यांना कोणीतरी हाक मारली, माइक तपासायचा होता. "बघतो मावशी, नक्की बघतो," म्हणाले आणि फोन बंद झाला.

मावशीने भाकरीवर फडके सारखे केले. सगळे वाट पाहत बसले. मीही बसलो. बाहेर कोंबड्या, दूर कुठे मोटरपंप. कोणी येणार नाही हे मला पक्के ठाऊक होते, तरी दोनदा दाराकडे पाहिले. अशी वाट मी शेवटची कधी पाहिली होती? आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन दर महिन्याला, ठरल्या मिनिटाला, हातात येते. गेल्या दोन वर्षांत मी ते एकदाही चुकवले नाही. त्यातले एकही आठवत नाही.

आठवते ते याच खोलीतले. मी सुट्टीत इथे यायचो तेव्हा परभणीहून साळवे पाळक यायचे, हे गाव त्यांच्याकडे होते. मला वयाने घेता येत नव्हते, म्हणून मागे बसून पाहायचो. ते भाकरी दोन्ही हातांनी उचलायचे, सगळे गप्प व्हायचे, आणि कडक भाकरी मोडल्याचा आवाज खोलीभर ऐकू यायचा. त्या आवाजाने अंगावर काटा यायचा. कधी मोठा होतो आणि तो तुकडा माझ्या हातावर पडतो, असे व्हायचे.

शेवटी मावशीने चादरीची घडी केली.

"तुमचा पाळक म्हंजे शेतातली लाईट," कमलबाई म्हणाल्या. "यायची तवा येती."

"येती ना पण? मग मोटर लावूनच ठिवायची," मावशी म्हणाली. दोघी हसल्या. कमलबाईंनी तो प्याला उचलला, दाताने पापुद्रा फाडला, रस पिऊन पाहिला. "गोड हाय," म्हणाल्या.

झाकलेली भाकरी आम्ही दुपारी आमटीबरोबर खाल्ली. ते प्रभुभोजन नव्हते, साधे जेवण होते. जेवताना मावशी म्हणाली, "साळवे पाळक असते तर सायकलीवर आले असते." मी म्हणालो, "ते गेले ना?" ती म्हणाली, "गेले म्हणूनच तर. तुज्या काकांच्या, आमच्या मालकांच्या मातीला आले न्हाईत, तवाच समजले." रात्री तिला धाप लागली. सुमनने उशा लावून तिला बसवले. पुढच्या पहिल्या रविवारापर्यंत थांबावे असे ते दृश्य नव्हते.

सोमवारी सकाळी मी परभणी गाठली. विचार साधा होता. शहरात चर्च आहे, तिथे पाळक असेल. आपल्या मंडळीचा नसला तरी विनंती करून पाहावी. चर्चशेजारच्या घराचे दार एका बाईंनी उघडले. त्या तिथल्या पाळकांच्या पत्नी.

"साहेब कन्व्हेन्शनला गेलेत. शुक्रवारी येतील. काय काम होतं?"

मी सांगितले. त्या विचारात पडल्या. "मग मागच्या खोलीत साळवे पाळकांना विचारा की."

"साळवे? ते तर…"

"ते तर काय?"

"ते गेले असं वाटलं होतं," मी म्हणालो.

"आत्ताच त्यांनी चहा मागितलाय," बाई म्हणाल्या. "साखर कमी पडली म्हणून ओरडले बी."

मागच्या खोलीत खिडकीजवळ साळवे पाळक बसले होते. एकोणऐंशी वर्षांचे, वाळलेले, पण आवाज तोच. निवृत्तीनंतर काही वर्षे नांदेडला मुलाकडे होते. पत्नी गेल्यावर परत आले. मी माझे नाव सांगितले, आईचे सांगितले, मग मावशीचे.

"रूथबाई! जिवंत आहे? अजून तेवढीच जाड भाकरी करते?"

"करते. दर पहिल्या रविवारी. टेबल मांडते आणि वाट पाहते."

"कोणाची?"

"जो येईल त्याची."

त्यांनी चहाचा कप खिडकीत ठेवला. "मी इथं रविवारी मागच्या बाकावर बसतो," म्हणाले. "हे हात भाकर मोडायला शिवशिवतात. पण दुसऱ्याच्या मंडळीत न बोलावता जाणं बरोबर नाही. तुमचे पाळक तिकडं जात असतील असं मी धरून चाललो. मला कोणी बोलावलंच नाही."

"पण निवृत्त पाळकानं दिलेलं चालतं ना?"

"नोकरी निवृत्त झाली. दीक्षा कुठं निवृत्त होते?" मग शिस्तीत म्हणाले, "तुमच्या पाळकांची परवानगी मात्र घ्या. त्याशिवाय मी उठणार नाही."

मी तिथूनच फोन लावला. आमच्या पाळकसाहेबांनी सगळे ऐकले. मी फोन साळवे पाळकांकडे दिला, तोही आवाज मोठा करून, कारण त्यांना कमी ऐकू येते.

"साहेब, परवानगी काय मागता, मला लाजवता," पलीकडून आवाज आला. "मीच तुम्हाला विचारायला हवं होतं. मला माहीतच नव्हतं तुम्ही परभणीत आहात." मग ते म्हणाले, "काल त्या मावशींनी विचारलं, जेवलाव का. तेव्हापासून आठवतोय, मंडळीतल्या कोणाच्या घरी बसून मी शेवटचा कधी जेवलो."

"आठवलं का?" साळवे पाळकांनी विचारले.

"नाही."

मंगळवारी सकाळी आम्ही दोघे एसटीत बसलो. साळवे पाळकांच्या खांद्याला कापडी पिशवी होती, ती रात्रीच भरून खुंटीला लावून ठेवलेली. कंडक्टर आला तेव्हा त्यांनी आधार कार्ड पुढे केले. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट आहे. कंडक्टरने शून्य रुपयांचे तिकीट फाडून दिले. ते त्यांनी नीट घडी करून खिशात ठेवले. माझ्या डोक्यात स्थगित विषयाचे सहा हजार घोळत होते. माझ्या मागणीत वाहन, भत्ता, जेवण, सगळे होते. आम्ही जो खर्च पुढच्या बैठकीवर ढकलला, त्यातला हा एवढा तरी भाग लागतच नव्हता. एका खिडकीजवळच्या माणसाला विचारायचे तेवढे राहिले होते.

मावशीने त्यांना गेलेले धरले होते हे मी सांगितले तेव्हा ते हसले, बाकी वाटेत फारसे बोलले नाहीत. करडईकडे पाहत एकदा म्हणाले, "याच रस्त्यानं सायकल मारायचो. खड्डे तेवढे ओळखीचे आहेत."

वालूरला राहुलची टमटम होती. गावात पोचलो तेव्हा मावशी ओट्यावरच होती. तिची नजर पुन्हा माझ्या मागे गेली. या वेळी मागून एक म्हातारा हळूहळू उतरला.

मावशीने डोळ्यांवर हात धरला. मग हात तोंडावर गेला.

"काय रूथबाई," साळवे पाळक म्हणाले, "मेलो म्हणून धरलं का?"

"धरलं की. चांगली दोन दिस रडले. आता ते रडणं वाया गेलं!" ती हसायला लागली आणि हसताहसता डोळे पुसायला लागली. "सुमन, मनुके! आगं, मनुके भिजव!"

मनुके भिजायला वेळ नव्हता, थेट उकळले. भाकरी मावशीनेच करायची म्हणून हट्ट धरला. चुलीपुढे खुर्ची ठेवली, सुमनने काठवट तिच्या मांडीवर दिली. थापताना तिला मधे दोनदा थांबावे लागले, पण भाकरी फुगली. शेतावर गेलेल्यांना राहुल बोलावून आला. मंगळवारच्या भर दुपारी प्रार्थनाघरात अकराच्या अकरा माणसे बसली. कमलबाई दाराशी होत्याच.

साळवे पाळकांनी हात धुतले. पिशवीतून जुना पितळी प्याला काढला. कुठे माइक नव्हता, तरी प्रत्येक शब्द कळत होता. त्यांनी भाकरी दोन्ही हातांनी उचलली. मग तो आवाज आला.

मावशीने तुकडा घेतला आणि डोळे मिटले. ती लगेच चावली नाही. तिच्या चेहऱ्याचे वर्णन करायला मी कमी पडेन. माझ्या तळहातावर तुकडा आला तेव्हा तो अजून कोमट होता. करपलेल्या कडेचा होता. मी तो खाल्ला, आणि इतकी वर्षे मला कसली भूक होती ते कळले.

संध्याकाळी निघताना मावशीने फडक्यात भाकऱ्या बांधल्या. साळवे पाळकांना दोन दिल्या. ते म्हणाले, "पुढच्या पहिल्या रविवारी येतो. तिकीट काढायला लागत नाही मला." मावशी म्हणाली, "तुमी आला न्हाई तरी मी मांडणार. आलाव तर खाऊ." मग तिने एक वेगळी पुरचुंडी माझ्या हातात दिली.

"ही त्या फोनातल्या लेकराला दे. जेवला नव्हता."

साळवे पाळकांना परभणीला त्यांच्या खोलीत पोचवून मी रात्री तिथेच मुक्काम केला आणि बुधवारी गाडीने परत निघालो. परतताना खिडकीबाहेर तीच करडई होती. मी विचार करत होतो. पडद्यावर अक्षरे मोठी दिसतील, आवाज लांबपर्यंत जाईल, घरी बसलेल्यांनाही उपासना पाहता येईल. हे सगळे चांगलेच आहे. पण आम्ही दिसण्या-ऐकण्याची सोय वाढवत गेलो आणि एकमेकांच्या दारी जाणे कमी करत गेलो. मावशीच्या खोलीत दिसण्यासारखे काही नाही, एक चादर आहे. ती मांडून तिथे अकरा माणसे कोणाची तरी वाट पाहतात. आमच्या चर्चमध्ये शेकडो माणसे जमतात. आम्ही कोणाची वाट पाहतो, हे मला सांगता येत नाही. हे लिहितानाही येत नाही.

खर्च असा झाला. रेल्वेला आणि एसटीला माझ्या तिकिटांचे पैसे दिले. साळवे पाळकांच्या तिकिटाचे परभणीपासून गावापर्यंत आणि परत, काही द्यावे लागले नाही. त्यांना मी पाकीट देऊ केले, ते त्यांनी हाताने मागे सारले. राहुलने टमटमचे माझे वीस रुपये मोजून घेतले. "पाळकाचे न्हाई घेत," म्हणाला, "त्यांनी आमच्या आईला दाराशी येऊन, तुकडा घेता का म्हणून विचारलं. तिनं न्हाई म्हणलं, पण विचारलं ना." सहा हजारांच्या विषयाबद्दल मी चिटणिसांना कळवले की तो मागे घेत आहे, त्याऐवजी पुढच्या बैठकीत एवढेच ठरवावे की पाळक महिन्यातून एक दिवस कोणाच्या तरी घरी जेवतील.

बुधवारी स्टेशनवरून मी थेट चर्चमध्ये गेलो. पडद्याचे काम चालू होते. दोन माणसे शिडीवर, खाली पाळकसाहेब वायरींच्या गुंत्यात उभे. मी त्यांना खोका परत दिला, अकरा प्याले, एक कमलबाईंनी उघडला असे सांगून. मग पुरचुंडी दिली आणि मावशीचा निरोप.

त्यांनी फडके सोडले. भाकरी वाळून कडक झाली होती. ते सांगाड्याखालच्या पायरीवर बसले, मला शेजारी बसायला खूण केली आणि ती दोन्ही हातांनी मोडली. आवाज झाला. शिडीवरचा माणूस वळून पाहू लागला.

अर्धी त्यांनी घेतली, अर्धी मला दिली.